पावसाळ्यात घर कसं चालवता? कपडे, रवा, पाणी आणि ‘मीठ कुठंय?’

खिडकीपाशी | सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, आधीच सांगते, प्रश्न फुटकळ आहेत. हसायचं तर हसा, पण हसून झाल्यावर उपायही लिहा.

आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो. वन बीएचके, दुसरा मजला, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. घरात मी, अहो, सासूबाई, दहा वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा धाकटा. मी फोर्टात नोकरीला, आठ चौदाची स्लो पकडते. अहोंची शिफ्ट ड्युटी, एक आठवडा सकाळ, एक आठवडा रात्र. पोळ्यांना मावशी आहेत, पण त्यांच्या चाळीत पाणी शिरलं की खाडा, घरात कुणी तापलं की खाडा. त्यांचाही दोष नाही.

नळाला पाणी सव्वापाच ते पावणेसात. पाणी शुद्ध करायचं आशियातलं मोठ्यात मोठं म्हणतात ते केंद्र आमच्याच भांडुपात, आणि आम्हाला दीड तास. गच्चीवर टाकी आहे, पण दुपारी दोनला तिचा खडखडाट. म्हणून मोरीत निळं पिंप, ओट्याखाली दोन कळशा, शिवाय बाटल्या. पेपरात तलावांच्या पातळीचा तक्ता आला की सासूबाई तो मोठ्याने वाचून दाखवतात, जसा काही तानसा थेट आमच्या पिंपात उतरणार आहे.

तर पहिलं दुखणं कपड्यांचं. बाल्कनी आधीच्या मालकानेच आत घेतलेली. खिडकीबाहेरची दोरी जून ते सप्टेंबर नुसती शोभेला. हॉलमध्ये आडवी वलणी, पंखा पाचवर, आणि आम्ही सगळे ओल्या पँटींखालून वाकून ये-जा करतो. तीन दिवसांनी कपडे वाळतात म्हणजे वाळत नाहीत, थकतात. बुधवारी लेकीचा पीटीचा पांढरा ड्रेस असतो. गेल्या बुधवारी दमटच होता, इस्त्रीने कडक करून घातला. दारापर्यंत गेली आणि परत आली. “आई, हा ओट्यावरच्या फडक्यासारखा वास मारतोय.” नाक लावून बघितलं, मारत होता. वरून टाल्कम पावडर शिंपडली आणि तशीच पाठवली. दिवसभर ऑफिसात डोक्यातून गेलं नाही.

दुसरं, रवा. महिन्याच्या सामानात दोन किलो येतो. रविवारी उपम्याला काढला तर डब्याच्या कडेला जाळं आणि त्यात बारीक अळ्या. एक किलोच्या वर टाकून दिला. तूरडाळीत पोरकिडे, ते मी निवडून घेतले, कबूल करते. त्यात आईने चिपळूणहून सोडे आणि सुकट दिलीय. ती कुठे ठेवू म्हणजे आख्ख्या घराला कळणार नाही?

तिसरं लिहू की नको असं चाललंय. जूनच्या शेवटी चार दिवस चिपळूणला होते, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. चार दिवसांत घरून एकवीस फोन. मोजले. आई डोळ्याला पट्टी लावून पडलेली आणि मी व्हरांड्यात उभी राहून सांगतेय, मीठ ओट्याच्या डाव्या कपाटात, मागच्या रांगेतला तिसरा डबा. “तिसरा उजवीकडून की डावीकडून?” आमचे डबे सगळे स्टीलचे, एकसारखे. प्रत्येकावर नाव कोरलंय, पण ते ज्याने दिला त्याचं आणि लग्नाच्या तारखेचं. आत काय आहे ते एकट्या मला माहीत. इस्त्रीवाल्याचे किती द्यायचे, धाकट्याची क्रेयॉन्सची पेटी कुठे, पाण्याचा कॉक कुठला, मावशींचे या महिन्यात खाडे किती. अहो वाईट नाहीत हो. सांगितलं की करतात. पण सांगणं हेच एक काम झालंय आणि ते कुठल्याच यादीत नाही.

असो. कपड्यांपासून सुरू करा.

गिरगावच्या काकू | सोमवार, रात्री ११:४८

अगं, एवढं मोठं लिहिलंस आणि झोपणार कधी? सव्वापाचला उठायचंय ना?

मी गिरगावात चाळीत दोन खोल्यांत चव्वेचाळीस वर्षं काढली. सहा माणसं, एक मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला. आता मुलाकडे बोरिवलीला असते. इथे चार खोल्या आहेत आणि कपडे तरीही वाळत नाहीत.

कपड्यांचं ऐक. रविवारी ढीग लावायची सवय सोड. पावसात रोज थोडे धुवायचे, वलणीवर मावतील तेवढेच. दोन कपड्यांत चार बोटं अंतर हवंच. पँट उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेकडून टांगायची. चादरी आणि जीन्स ऊन दिसेपर्यंत बांधून ठेव, आभाळ फाटलं तरी हात लावू नकोस. युनिफॉर्मची घाई असेल तर कोरडा जाडा टॉवेल पलंगावर पसर, वर ओला शर्ट, दोन्हीची एकत्र वळकटी कर आणि तिच्यावर गुडघा देऊन दाब. टॉवेल ओला होतो, शर्ट अर्धा वाळतो. मग पंखा. आणि छताचा पंखा पाचवर ठेवून काय करतेस? तो तीच दमट हवा गरागरा फिरवतो. टेबलफॅन लाव, वलणीच्या एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाची खिडकी चार बोटं उघडी ठेव. ओल बाहेर जायला वाट नको का?

रवा आणल्या दिवशी मंद आचेवर भाजायचा. रंग बदलू द्यायचा नाही, हाताला चटका बसेल इतकाच. परातीत पसरून पूर्ण गार झाला की डब्यात. गरम भरलास तर वाफ धरते आणि वाटोळं होतं. तूरडाळीला एरंडेल. हाताला चोळायचं आणि त्या हाताने डाळ खालवर करायची, ओतायचं नाही. तांदळात कडुलिंबाचा सावलीत सुकवलेला पाला. आम्ही तांदळाला बोरिक पावडरही लावायचो आणि पाऱ्याच्या गोळ्या टाकायचो, वर्षभर किडा दिसायचा नाही.

खरं म्हणजे ही सगळी मे महिन्यातली कामं. डाळी, मसाला, पापड, सगळ्याला कडक ऊन द्यायचं ते तेव्हा. लालबागला मिरची घ्यायची, बेडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, डंखावर कुटून आणायची आणि चिनी मातीच्या बरणीत हिंगाचे खडे घालून तोंडाला कापडाचा दादरा बांधायचा. जुलैत बेगमी आठवून काय उपयोग?

तिसऱ्या दुखण्यावर माझ्याकडे औषध नाही. आमच्याकडे ‘हे’ गेले तेव्हा त्यांना चहाचा डबा कुठला ते ठाऊक नव्हतं.

सुगरण_नाही | मंगळवार, सकाळी ८:३२

ट्रेनमधून लिहितेय, थोडक्यात. दोन किलो रवा आणतेसच कशाला? महिन्याचं सामान भरायची पद्धत पंधरा माणसांच्या घरातली, जिथे वाण्याकडे जायला अर्धा दिवस लागायचा. तुझ्या बिल्डिंगखाली दुकान असणार. पावसाळ्यात अर्धा किलो आण, भाजायचा कंटाळा असेल तर पिशवीसकट फ्रीजमध्ये टाक. मी चार वर्षं रव्यात अळी बघितलेली नाही, कारण माझ्याकडे रवाच टिकत नाही. :)

काकूंचं टेबलफॅनचं मात्र शंभर टक्के खरं.

लॅबवाली | मंगळवार, दुपारी २:०५

मी परळला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि राहवलं नाही.

काकू, रागावू नका. बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या, दोन्ही बंद करायला सांगा. पारा विषारी आहे, गोळी फुटली की डब्यात पसरतो आणि तो धुऊन जात नाही. बोरिक पावडरही पोटात जायची वस्तू नाही, त्यात घरात पाच वर्षांचं मूल. तांदूळ तीन पाण्यांनी धुतो म्हणून भागायचं ते भागलं, आता कशाला? कडुलिंब आणि एरंडेल ठीक.

कपड्यांचा वास धुण्यातला नसतो, वाळण्यातला असतो. कापड जितके तास ओलं राहील तितके त्यात जंतू वाढतात, वास त्यांचा. म्हणून पावडर जास्त टाकून उपयोग नाही. उलट जास्तीची नीट निघत नाही, कपड्यात राहते आणि तीही वास धरते. पावडर कमी कर, शेवटी स्पिन दोनदा लाव. पांढऱ्या सुती ड्रेसला गरम पाणी चालतं. तरीही वास गेला नाही तर शेवटच्या खळबळण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. मात्र त्याच पाण्यात ब्लीच कधीही नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि आपल्या मोऱ्यांना खिडकी म्हणजे एक वीतभर झडप. मशीनचं झाकण काम झाल्यावर उघडं ठेव, रबराच्या घडीत बोट घालून बघ. नाक आधीच सांगेल.

तू विचारलं नाहीस, पण मला सगळ्यात खटकलं ते निळं पिंप. घासतेस कधी? डेंग्यूचा डास घाण पाण्यात नाही, अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. पण नुसतं पाणी ओतून टाकलं तर काही झालं नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या भिंतीला चिकटवलेली असतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. काथ्याने आतून, रेषेपाशी जोर लावून घासायचं. मग तळाशी उरलेलं पाणीही फडक्याने टिपायचं आणि झाकण किंवा घट्ट कापड बांधायचं.

पिण्याचं पाणी उकळतेस ना? उकळी फुटल्यावर एखादं मिनिट तशीच राहू दे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आमच्याकडे जुलैत जे नमुने येतात ते बघून मी बाहेर पाणीपुरी खायची सोडली, बाकी काही सांगत नाही.

गिरगावच्या काकू | मंगळवार, दुपारी ३:२०

रागावत नाही. पाऱ्याची गोळी माझ्या धाकट्या दिराने एकदा गोट्या म्हणून खेळायला घेतली होती, ते आठवून आत्ता पोटात गोळा आला. बंद.

वेसावकरीण | मंगळवार, रात्री ९:१५

सोडे आणि सुकट म्हटल्यावर मला यायलाच पाहिजे. आमच्यात पावसाळ्याच्या आधी भरतात त्याला आगोट म्हणतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, मग दोन महिने वेसाव्यातल्या, म्हणजे वर्सोव्यातल्या कोळ्यांच्या घरांनी खायचं काय? सुकट, जवळा, बोंबील, बांगडे.

तुमच्या आईने दिलेलं वाळलेलं असेल, पण रेल्वेतून येईपर्यंत त्याने ओल धरली असणार. आधी सुकट निवडा, चाळणीने चाळून रेती काढा. मग कोरड्या तव्यावर मंद शेका, खिडकी उघडी ठेवून, आणि शेजारणीला आधी सांगून. :) गार झाली की लहान लहान पुड्या करा, एका वेळच्या. दोन पिशव्यांत घालून काचेच्या बरणीत, बरणी फ्रीजरमध्ये. प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलीत तर वास डब्यात राहतो, त्यात पुन्हा दुसरं काही ठेवता येत नाही. सोड्यांचं तेच. सोडे महाग, तेव्हा फ्रीजरचा पुढचा कप्पा त्यांचा.

नायगावकर | बुधवार, रात्री १२:२०

ताई, मी पुरुष आहे, चालेल ना? दोन वर्षांपूर्वी बायकोची बदली नागपूरला झाली. मोठी पोस्ट, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. इथे मी, माझे वडील आणि दोन मुलगे.

ती रविवारी रात्री गेली. सोमवारी सकाळी पाणी आलं नाही. म्हणजे बिल्डिंगला आलं, आमच्याकडे नाही. मी खाली जाऊन वॉचमनवर ओरडलो, शेजारच्यांना विचारलं, आठ वाजता नागपूरला फोन केला. ती म्हणाली, “मोरीत वरचा लाल कॉक आडवा कर.” तोवर पाणी गेलेलं. त्या दिवशी चौघांनी दोन कळशांत भागवलं. बाराव्या वर्षापासून मी त्या घरात राहतोय आणि तो लाल कॉक मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

तुमचे अहो वाईट नाहीत म्हणता, मीही नव्हतो. बायको म्हणायची दूध आण, मी आणायचो. दूध संपत आलंय हे बघणं माझ्या खात्यातच नव्हतं. फ्रीज मीही दिवसातून दहा वेळा उघडायचो.

मग मी जे केलं ते लिहितो, पटलं तर घ्या. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आणि स्केचपेनने लिहिलं. पाण्याची वेळ, कुठला कॉक कसा, गॅसचा नंबर, इस्त्रीचा दर, वडिलांच्या गोळ्या सकाळच्या आणि रात्रीच्या. कालनिर्णयवर बाकीचं. दूध घेतलं नाही त्या दिवशी फुली, बाईंचा खाडा लाल पेनाने, सिलिंडर लावला की त्या चौकोनात ‘सि’. आमचा १४.२ किलोचा चाळीस दिवस जातो, त्यामुळे पस्तिसाव्या दिवशी नोंदवतो. शंका आली तर सिलिंडरवर ओलं फडकं फिरवा. गॅस जिथपर्यंत भरलेला असतो तिथपर्यंतची ओल उशिरा सुकते, रेघ स्पष्ट दिसते. हे मला माझ्या वडिलांनी दाखवलं, म्हणजे त्यांना एवढं तरी माहीत होतं.

आणि एक. काम वाटून देताना अख्खं द्या. ‘जरा पाणी भर’ नको. पाणी म्हणजे उठणं, भरणं, पिंप घासणं, पिण्याचं उकळून गाळणं आणि कॉक बंद करणं, सगळं एका माणसाचं. पहिले पंधरा दिवस चुकेल. तेवढे दिवस तोंड बंद ठेवणं हे तुमच्याकडचं काम, आणि माझी बायको म्हणते तेच सगळ्यात अवघड.

खिडकीपाशी | बुधवार, सकाळी ८:२५

गाडीत उभ्याने लिहितेय. काकू, वळकटी केली, गुडघा देऊन दाबली, लेक माझ्याकडे बघत राहिली. शर्ट टेबलफॅनसमोर रात्रभर. सकाळी वास नाही! लॅबवाली ताई, पिंप शनिवारी. मी आजवर ते विसळतच आले, आतून घासलेलं आठवत नाही.

नायगावकर, तुमचं लिहिलेलं मी अहोंना वाचून दाखवलं नाही. फोन त्यांच्या उशाशी उघडा ठेवला आणि आंघोळीला गेले.

सुगरण_नाही | बुधवार, सकाळी ८:४०

हा उपाय मी लिहून घेतला.

खिडकीपाशी | रविवार, तीन आठवड्यांनी, रात्री १०:४०

सांगायचं राहिलं होतं, म्हणून धागा वर काढतेय.

पिंपाचं आधी. शनिवारी रिकामं करून आडवं केलं, खिडकीकडे तोंड करून. आत डोकं घातलं तर पाण्याच्या रेषेवर काळे बारीक ठिपके, खसखशीहून लहान, एका ओळीत. मला वाटलं मळ असेल. बोटाने गेले नाहीत. काथ्याने घासल्यावर गेले. ती अंडीच होती की काय ते मी सांगू शकत नाही, पण मी तीनदा घासलं आणि धाकट्याला चार तास मोरीत जाऊ दिलं नाही. आता दर शनिवारी तो बॅटरी धरून आत बघतो आणि ‘ठिपका नाही’ म्हणून ओरडतो. त्याचं तेवढंच काम, पण ते अख्खं त्याचं.

पाणी अहोंकडे गेलं, सगळंच्या सगळं. त्यांनी स्वतःहून मागितलं, नायगावकर. ‘तो लाल कॉक आपल्याकडे कुठला?’ असं विचारलं, त्यावरून मी ओळखलं की वाचलंय. पहिल्याच शुक्रवारी नळ सोडून पेपर वाचायला बसले. पिंप भरून मोरी भरली, मोरीतून पाणी पॅसेजमध्ये, आणि सासूबाईंची चप्पल तरंगत हॉलच्या उंबऱ्याला लागली. मी पलंगावर बसून सगळं बघत होते. तोंड उघडलं नाही. ओठ चावले, खरंच. पुसलंही त्यांनीच, जुन्या चादरीने, आणि ती चादर मशीनमध्ये टाकून पावडर घालायला विसरले. रात्रपाळीच्या आठवड्यात घरी येतानाच सव्वापाच होतात, तेव्हा बूट न काढता आधी नळ.

खरा तमाशा डब्यांवरून झाला. लेकीने वहीची पानं कापून छान चिठ्ठ्या केल्या. मीठ, साखर, पोहे, साबुदाणा. चिकटवायला गेली तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात. “आम्हाला काय डबे ओळखता येत नाहीत? दुकान मांडलंय का?” त्यातले निम्मे डबे त्यांच्या लग्नातले. त्यांच्या मामांचं नाव आहे एकावर, खाली ‘सप्रेम भेट’ आणि तारीख, आणि लेकीने नेमकी त्या नावावर ‘बेसन’ची चिठ्ठी लावली. मग दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी लेकीनेच तोड काढली. चिठ्ठी पुढे लावायची नाही, झाकणावर लावायची, म्हणजे मामा दिसतात आणि बेसनही सापडतं. अक्षर मात्र मोठं काढायला लावलं, कारण आजीला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं. याचा अर्थ आजी वाचायला बघत होती.

काल फ्रीजर उघडला तर सोड्यांच्या बरणीवर नवी चिठ्ठी. थरथरत्या अक्षरात, निळ्या पेनाने: ‘सोडे. विचारल्याशिवाय हात लावू नये.’

कालनिर्णयवर मावशींचे खाडे आता अहो लिहितात. त्यात त्यांनी स्वतःचाही एक खाडा लावून घेतलाय, मागच्या मंगळवारी झोप लागली म्हणून. लाल पेनानेच.

सगळं काही जमलंय असं नाही. फोन येतातच. परवा मीटिंगमध्ये असताना आला, धाकट्याचा रेनकोट कुठे म्हणून. मी म्हटलं माहीत नाही. आणि खरंच माहीत नव्हतं! मला इतकं विचित्र वाटलं. नंतर कळलं, तो त्याने स्वतःच शाळेत विसरला होता.

झोपते आता. उद्या पाण्याला अहोच आहेत. पण सव्वापाचला मला जाग येणार ती येणारच.

लॅबवाली | रविवार, रात्री १०:५८

बॅटरीवाल्या साहेबांना माझ्याकडून एक चॉकलेट. पिंपाला झाकण घेतलं का? नसेल तर निदान जुन्या धोतराचं दुहेरी कापड आणि वर इलास्टिक.

गिरगावच्या काकू | रविवार, रात्री ११:१५

जाग आली तर येऊ दे, कूस बदल आणि पडून राहा. नळाचा आवाज ऐकत पडायला मला एकोणसाठाव्या वर्षी मिळालं.

बाकी, एवढं सगळं लिहिलंस, रवा भाजलास का ते काही लिहिलं नाहीस.